आम्ही हात जोडले तरी थांबवा : सह्याद्रीतल्या ट्रेल शर्यतींच्या आयोजकांना खुलं पत्र

सह्याद्रीत ट्रेल शर्यती भरवणाऱ्या सर्व आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

मी शेचाळीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते आणि गेली सात वर्षं पळते. सुरुवात रस्त्यावरच्या दहा किलोमीटरने झाली, पण गेली चार वर्षं डांबर सोडून डोंगरातच जास्त असते. तुमच्या निकालाच्या यादीत माझं नाव शेवटच्या पानावर सापडतं. माझ्यासारखे बरेच आहेत. शर्यतीची नोंदणी भरते ती मुख्यतः आमच्यामुळे आणि शर्यतीच्या दिवशी डोंगरात सर्वांत जास्त वेळ असतो तोही आम्हीच. म्हणून हे पत्र आमच्या बाजूने लिहिते आहे. मागणी मात्र कदाचित तुम्हाला अपेक्षित नसेल अशी आहे. कट-ऑफ, म्हणजे वाटेतला टप्पा गाठायची शेवटची वेळ, वाढवून द्या, असं मी म्हणत नाही. कट-ऑफ नीट हिशेबाने ठरवा आणि तो पाळा. आम्ही हात जोडले तरी पाळा.

मागच्या हिवाळ्यात मी एका ५० किलोमीटरच्या शर्यतीत उतरले होते. शर्यतीचं नाव लिहीत नाही आणि गडाचंही नाही, कारण नाव आलं की चर्चा एका माणसावर जाऊन थांबते, आणि मला जे सांगायचं आहे ते अनेक शर्यतींना लागू आहे. पहाटे ५ ला सुरुवात, संध्याकाळी ६ ला समाप्ती, एकूण तेरा तास. ३२ व्या किलोमीटरला गडाचा पायथा. तिथला कट-ऑफ दुपारी १.३०.

मी तिथे १.४४ ला पोचले.

टेबलामागे विशीतला एक मुलगा उभा होता. सकाळी नऊपासून तिथेच होता. त्याने घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, "अरे, चौदाच मिनिटं आहेत. वर्षभर तयारी केली आहे. चढ माझा चांगला आहे, भरून काढते." आणि खरोखर हात जोडले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाजूला आंब्याखाली आधीच शर्यत सोडलेले तिघे जण बसले होते, त्यांना न्यायला यायची जीप दीड तास झाला तरी आली नव्हती. एक जण पाय धरून कण्हत होता. मुलाच्या मोबाइलला रेंज नव्हती. तो म्हणाला, "जा मावशी, पण सांभाळून." माझा नंबर त्याने वहीत लिहिला नाही. उशिरा सोडल्याची नोंद झाली असती तर त्याला कोणी तरी बोललं असतं.

तेव्हा मला त्याच्याबद्दल फक्त कृतज्ञता वाटली. पुढे काय घडलं ते क्रमाने सांगते, कारण या क्रमातच सगळं आहे.

स्वीपर दीडला, म्हणजे ठरल्या वेळेला, पायथ्याहून निघाले होते. स्वीपर म्हणजे शेवटच्या धावपटूच्या मागून चालणारी जोडी, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्याकडे दोन कामं होती : मागे कोणी राहणार नाही हे बघायचं आणि येताना मार्किंगच्या रिबिनी काढून घ्यायच्या. त्यांनी दोन्ही कामं चोख केली. त्यांच्या दृष्टीने मागे कोणी नव्हतंच. मी मात्र त्यांच्या चौदा मिनिटं मागे होते आणि ते पुढे जाता जाता माझी वाट पुसत चालले होते.

चढावर हे लक्षात आलं नाही. गडाची वाट मळलेली होती, पायऱ्यांच्या खुणा होत्या, रिबीन शोधायची गरजच पडली नाही. माचीवरून खाली उतरून धारेला, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्याला, लागले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मग पंधरा मिनिटं झाली तरी एकही रिबीन दिसेना. मला वाटलं, गुरांनी खाल्ली असेल किंवा वाऱ्याने उडाली असेल. डिसेंबरात धारेवरचं गवत वाळून सोन्यासारखं होतं आणि त्यातून प्रत्येक दिशेला ढोरवाटा फुटलेल्या असतात. प्रत्येक ढोरवाट पहिली पन्नास पावलं अगदी खरी वाटते. त्यातली एक धरून मी बरीच खाली उतरले, ती एका कातळाच्या तोंडाशी संपली. परत वर यायचं तर सगळा घसारा. मुरमावर एक पाऊल टाकलं की अर्धं पाऊल मागे सरकत होतं. हाताला धरायला कारवीच्या वाळक्या काटक्या आणि करवंदीची जाळी. धारेवर परत आले तेव्हा सव्वापाच झाले होते. सहाच्या सुमारास सूर्य मावळला. हेडलॅम्प होता, पण शर्यत उजेडातच संपणार म्हणून सेल बदलले नव्हते. साडेसातला तो मिणमिणायला लागला, तेव्हा मी एका दगडाला टेकून बसले.

तिथे मला हरवलेली म्हैस शोधायला निघालेल्या एका माणसाने पाहिलं. खालच्या धनगरवाड्यातला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो अजून कानात आहे : "ताई, रिबिनी तर मघाच काढून नेल्या की पोरांनी. तुमी कुटनं आला?"

त्याच्या घरी नेऊन त्याच्या आईने कोरा चहा दिला, गुळाचा, मग नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी. अंगावर घोंगडं टाकलं. रेंज यायच्या टेकाडावर तो माझा मोबाइल घेऊन गेला आणि माझ्या नवऱ्याला फोन लावला. तोपर्यंत पावणेनऊ झाले होते. शेवटाच्या जागेची कमान उतरवली गेली होती, बक्षीस समारंभ झाला होता. माझे यजमान पावणेसातपासून प्रत्येकाला विचारत होते आणि त्यांना प्रत्येक जण वही दाखवत होता. वहीप्रमाणे मी पायथ्याच्या पुढे गेलेच नव्हते. थांबवलेल्यांच्या यादीतही नव्हते. जीपमध्येही नव्हते. ३२ व्या किलोमीटरच्या अलीकडे कुठे तरी असेन, असं समजून दोन मुलांना उलट्या दिशेने पाठवलं होतं.

आता कट-ऑफकडे येते. तुमच्यापैकी अनेक जण स्वतः उत्तम धावपटू आहात, पण मला शंका आहे की हे आकडे कागदावर भागाकार करून काढले जातात. आमच्या शर्यतीचंच बघा. ५० पैकी ३२ किलोमीटर म्हणजे ६४ टक्के अंतर. तेरा तासांचे ६४ टक्के म्हणजे ८ तास १९ मिनिटं. पहाटे ५ त मिळवले की दुपारचे १.१९. गोळाबेरीज करून दीड. आयोजकांनी नेमकं असंच केलं का, ते मी विचारलेलं नाही. आकडा मात्र तंतोतंत जुळतो. या हिशेबात ३२ किलोमीटर शेताच्या बांधांवरून आणि गाडीवाटेने होते आणि गड, धार, घसारा हे सगळं उरलेल्या १८ किलोमीटरमध्ये होतं, याचा कुठेच पत्ता नाही.

डोंगरात चालायचा वेळ काढायचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापात सांगायचं तर सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. उरलेले १८ किलोमीटर म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. चढ साधारण ९०० मीटर, म्हणजे आणखी दीड तास. एकूण ५ तास ६ मिनिटं. दीडच्या ठोक्याला पायथा सोडणारा माणूस शेवटाला पोचेल ६.३६ ला. अंधारात, आणि शर्यत संपल्यावर. म्हणजे मी चौदा मिनिटं उशिरा पोचले हा माझा दोष खराच, पण बरोबर १.२९ ला पायथा सोडणाऱ्यालाही तुम्ही अशा वाटेवर पाठवत होता जी उजेडात संपणारच नव्हती. शिवाय नेस्मिथचा हिशेब ताज्या दमाच्या, धडधाकट माणसाचा आहे. त्यात विश्रांती नाही, उतारावर जाणारा वेळ नाही, आधी पायाखाली घातलेले ३२ किलोमीटर नाहीत. आणि सह्याद्रीतला घसारा तर त्या हिशेबात नाहीच नाही.

ज्यांना आकड्यांपेक्षा अनुभव पटतो त्यांच्यासाठी सिंहगड-राजगड-तोरणा हा आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा ट्रेक आठवून बघा. (माझा प्रसंग तिथला नव्हे.) कल्याण दरवाजातून उतरून विंझरमार्गे गुंजवण्यापर्यंत माणूस भराभर येतो आणि वाटतं, झालंच की. मग चोरदरवाजाची चढण. आणि राजगडाच्या अळू दरवाजातून बाहेर पडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार नकाशावर बोटभर दिसते, पण पाठपिशवी घेतलेल्या ट्रेकर मंडळींचे पाच-सहा तास ती सहज खाते. किलोमीटर मोजून त्या धारेचं काहीच कळत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की कट-ऑफ शेवटाकडून मागे मोजत या. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो. ज्या वाटेवर गाडी येऊ शकत नाही, दृष्टीभय आहे (म्हणजे खालची दरी बघून पाय लटपटतात), ढोरवाटा फुटतात, त्या वाटेवरून शेवटचा माणूस साडेपाचला बाहेर पडलाच पाहिजे, हे आधी ठरवा. आमच्या शर्यतीत धार ४३ व्या किलोमीटरला संपत होती. पायथा ते तिथपर्यंत ११ किलोमीटर आणि जवळपास सगळाच ९०० मीटर चढ. ठोकताळ्याने ३ तास ४२ मिनिटं. दमलेल्या पायांसाठी त्यात एक तृतीयांश मिळवा, म्हणजे पाच तासांना चार मिनिटं कमी. साडेपाचातून वजा केले की उरतात दुपारचे साडेबारा.

या हिशेबाने मी त्या दिवशी सव्वा तासाने बाद होते. ते मान्य करूनच लिहिते आहे. साडेबाराचा कट-ऑफ नोंदणीच्या वेळी छापलेला असता तर एक तर मी आणखी एक वर्ष तयारी केली असती, किंवा २५ किलोमीटरच्या गटात नाव दिलं असतं. तुम्हाला एवढ्या लोकांना बाद करणं जड वाटत असेल तर शर्यत पहाटे ३ ला सुरू करा. शेताच्या बांधावरचा अंधार चालतो. धारेवरचा चालत नाही.

आणि हे फक्त मागच्यांचं दुखणं आहे असं समजू नका. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात, बाययिनजवळ, १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ धावपटू उतरले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या चेकपॉइंटमधल्या उंचावरच्या टप्प्यात गारा, बर्फगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. त्या टप्प्यात गाडी जात नव्हती. वारा अडवणारं जाकीट सक्तीच्या सामानात नव्हतं. एकवीस जण गेले आणि त्यांत लिआंग जिंगसारखे देशातले अव्वल धावपटू होते, कारण त्या टप्प्यात सर्वांत आधी तेच पोचले होते. सहा जणांना झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवलं. ती बातमी मी तेव्हाही वाचली होती. धनगरवाड्यावरच्या त्या रात्री घोंगड्यात बसल्यावर ती मला पुन्हा आठवली आणि हातातला चहा बराच वेळ तसाच राहिला.

आपल्याकडे ती थंडी नाही हे खरं. पण आपल्याकडे आग्या मोहोळं आहेत, फुरसं आणि घोणस आहेत, वाळलेल्या गवताला लागणारे वणवे आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये कोणी शर्यत ठेवली तर उन्हाची तलखी आहे. यातलं काहीही घडलं तर पहिला प्रश्न एकच असतो : या क्षणी धारेवर किती माणसं आहेत आणि कोण? त्याचं उत्तर पाच मिनिटांत देता आलं पाहिजे. सुरुवातीला आणि शेवटाला वेळ टिपणारी चिप लावून ते मिळत नाही. प्रत्येक अवघड टप्प्याच्या तोंडाशी आणि त्याच्या पलीकडे नंबर लिहिला गेला पाहिजे आणि दोन्ही वह्या एकमेकींशी ताडून बघणारा एक माणूस हवा. रेंज नसेल तिथे वॉकीटॉकी किंवा पळत निरोप नेणारा गडी. स्वीपरने घड्याळ बघून निघायचंच नाही. वहीतला शेवटचा नंबर बघून, त्याच्या मागून निघायचं. आणि रिबिनी त्या दिवशी काढूच नका. दुसऱ्या दिवशी सकाळी काढा, पण सगळ्या काढा. राजगड २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे, आणि यादीत नसलेले गडही आपलेच आहेत. प्लास्टिकची एकही पट्टी तिथे मागे राहता कामा नये.

वेळेत असलेल्या, पण मागे असलेल्या माणसाचाही एक हक्क असतो. शेवटून दहावा धावपटू पाणवठ्यावर पोचतो तेव्हा टेबलावर काय असतं ते कधी येऊन बघा. केळ्यांच्या साली, रिकामे खोके आणि पाण्याचा जार. मीठ संपलेलं, बटाटे संपलेले, लिंबू संपलेलं. नुसतं पाणी हा दयाळूपणा वाटतो, पण बारा तास घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळतं, डोकं दुखतं, बोलणं असंबद्ध होतं आणि वेळेत कळलं नाही तर झटके येतात. हा धोका पुढच्यांपेक्षा आम्हा मागच्यांना जास्त, कारण आम्ही जास्त वेळ वाटेवर असतो आणि दर टेबलाशी थांबून पोटभर पितो. चिमूटभर मीठ, उकडलेला बटाटा, शेंगदाण्याची चिक्की, कोकम सरबत. शेवटच्या तीस जणांचा वाटा वेगळ्या डब्यात बाजूला काढून ठेवायला खर्च फार नाही.

डोंगरातल्या माणसांबद्दलही बोललं पाहिजे. ज्या वाटेला आपण ट्रेल म्हणतो ती कोणाची तरी पाणी आणायची, गुरं न्यायची, बाजाराला जायची वाट असते. आदल्या दिवशी त्यांना सांगितलेलंसुद्धा नसतं की दोनशे माणसं पहाटेपासून दारावरून जाणार आहेत. त्या म्हैसवाल्या दादांना मी विचारलं, "शर्यतवाल्यांनी तुम्हाला कामाला नाही घेतलं?" ते म्हणाले, "कोन इचारतंय." प्रत्येक धारेवर स्वीपरच्या जोडीतला एक जण त्याच वाडीतला असू द्या, आणि त्याला टी-शर्ट देऊन भागवू नका, दिवसाची रीतसर मजुरी द्या. रात्री कुठली वाट कुठे संपते हे त्याला ठाऊक असतं, आणि आमच्या घड्याळातल्या नकाशाला ठाऊक नसतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीबद्दल तुम्ही ऐकलंच असेल, आपल्याकडचे कितीतरी जण दरवर्षी तिथे जातात. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग, जवळपास नव्वद किलोमीटर, मुदत बारा तास. ती रस्त्यावरची शर्यत, तिथला प्रश्न वेगळा. पण बारा तास भरत येतात तेव्हा एक अधिकारी शेवटाच्या रेषेवर धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि ठोक्याला बंदूक झाडतो. पाठ अशासाठी की समोर कोण धडपडत येतं आहे हे त्याला दिसू नये. दोन पावलांवर राहिलेला माणूसही बाद. पूर्वी मला हे क्रूर वाटायचं. आता वाटतं की त्या माणसावर तिथे केवढी दया केली आहे. निर्णय त्याचा नाही, घड्याळाचा आहे.

आमच्या पायथ्यावरच्या मुलाला कोणी पाठ करून उभं राहू दिलं नव्हतं. त्याच्या हातात लेखी नियम नव्हता, शेजारी मोठं कोणी नव्हतं, जीप नव्हती, रेंज नव्हती. समोर त्याच्या आईच्या वयाची बाई हात जोडून उभी. त्याने मला थांबवलं असतं तरी बसवलं कुठे असतं? त्या तिघांच्या शेजारी, आंब्याखाली, आणखी दोन तास? नियम मोडतात ते बहुधा अशा ठिकाणी. थांबवलेल्या माणसाला ताबडतोब गाडी, कोरडी चादर आणि गरम चहा मिळणार हे नक्की असेल, तर थांबवणाऱ्याचा हात थरथरत नाही. ३२ किलोमीटर पळून आलेल्याला ३२ किलोमीटरचं प्रमाणपत्र द्या, यादीत त्याचा वेळ लिहा. मग थांबणं शिक्षेसारखं वाटणार नाही.

त्या रात्री अकराला मुलाने मला फोन केला. कोणी तरी त्याला फैलावर घेतलं होतं. तो रडत होता आणि पुन्हा पुन्हा "सॉरी मावशी" म्हणत होता. मी त्याला सांगितलं की चूक माझी, मी गळ घातली. ते खरंच आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या धावपटूंनाही सांगते की अशी गळ घालू नका. तुमची वर्षभराची तयारी त्या मुलाने का खांद्यावर घ्यावी? नंतर कळलं की त्याने त्या गटाबरोबर स्वयंसेवक म्हणून जाणं सोडलं आहे. स्वतः छान पळतो म्हणे. मला याचं फार वाईट वाटतं. माझ्या पायाच्या जखमा दोन आठवड्यांत भरल्या.

दिवाळीत आम्ही दोघं धनगरवाड्यावर जाऊन आलो. आजींना फराळ दिला, दादांना चांगली बॅटरी. म्हैस दुसऱ्या दिवशी सापडली होती.

येत्या डिसेंबरात मी पुन्हा ५० किलोमीटरला नाव देणार आहे. हेडलॅम्पचे सेल नवे असतील, जोडीला दुसरा दिवाही असेल. चढाचा सराव चालू आहे. तरी गडाच्या पायथ्याला मी पुन्हा उशिरा पोचले तर बहुतेक रडेन, कदाचित वादही घालेन. त्याकडे लक्ष देऊ नका. माझा बिब, म्हणजे छातीवरची नंबरपट्टी, काढून घ्या, नंबर वहीत लिहा आणि जीप तिथे उभी असू द्या.

आपली,
निकालाच्या शेवटच्या पानावरची एक धावपटू